मांदू आणि जाम्पोंग: चिनी पदार्थ कोरियन स्वयंपाकघरात नेमके कुठे बदलतात?

प्रश्न असा होता: "कोरियन मांदू म्हणजे चिनी डम्पलिंगच ना? आणि जाम्पोंग म्हणजे तिखट केलेलं चिनी नूडल सूप? मग घरी चायनीजचीच कृती घेऊन वरून गोचुगारू (कोरियन लाल मिरचीची जाडसर पूड) टाकलं तर काय बिघडलं? आणि हे शाकाहारी करता येतं का?"

मूळ चिनी आहे, त्यात वाद नाही. पण वरून तिखट टाकून जे तयार होईल ते कोरियन लागणार नाही, कारण कोरियन स्वयंपाक्याने केलेला मुख्य बदल तिखटाचा नाहीच. मी पुण्यात बरीच वर्षं कोरियन स्वयंपाकघरात काम करतोय. रांजणगाव, चाकण, तळेगाव या पट्ट्यात कोरियन कंपन्या आल्या, त्यांच्यामागे माणसं आली, आणि त्या माणसांना दुपारी घरचं जेवण हवं म्हणून आमच्यासारखी खानावळ चालते. आमच्याकडे मुख्य आचारी कोरियन बाई होत्या. त्यांच्या हाताखाली मी जे शिकलो त्याचा गाभा असा, की कोरियन जेवणात वाडग्यातलं सूप चमच्याने खायचं असतं, शेजारी किमची, म्हणजे आंबवलेल्या कोबीचं तोंडीलावणं, असते आणि शेवटी त्याच सूपमध्ये भात कालवला तरी चालायला हवा. चिनी पदार्थ या जेवणात आणायचा तर आधी त्याच्यातल्या पाण्याचा हिशोब बदलावा लागतो.

मांदूपासून सुरू करू. उत्तर चीनमध्ये ज्याओझी, म्हणजे तिथली डम्पलिंग, पाण्यात उकडतात, निथळून ताटलीत घेतात आणि काळ्या व्हिनेगरमध्ये बुडवून खातात. सारण रसदार हवं म्हणून खिम्यात थोडा थोडा स्टॉक घालून एकाच दिशेने फेटतात, त्यामुळे चावल्यावर आतून रस येतो. उकडलेलं पाणी हवं तर वेगळं प्यायचं. ताटलीतल्या डम्पलिंगसाठी ही पद्धत उत्तमच.

आता तेच डम्पलिंग सूपमध्ये सोडून वाढा. गरम सूपमध्ये ते आणखी दहा मिनिटं पडून राहणार, पारी मऊ होणार, आतला रस बाहेर येणार आणि सूप गढूळ होणार. म्हणून कोरियन मांदूचं सारण उलट दिशेने जातं: आधी सगळं पाणी काढून टाकायचं. टोफू फडक्यात घालून पिळायचा, मोड आलेले मूग उकळत्या पाण्यात मिनिटभर काढून चिरायचे आणि पिळायचे, किमची बारीक चिरून पिळायची. सुक्या ग्लास नूडल्स, म्हणजे रताळ्याच्या स्टार्चच्या दांगम्यन, उकडून बारीक कापून घालायच्या. राहिलेलं पाणी त्या धरून ठेवतात. पुरणाला पाणी सुटलं तर पोळी फुटते, तसंच हे गणित आहे.

पिळण्याच्या बाबतीत आमच्या बाई फार कडक होत्या. सुती फडकं, त्यात टोफू, वरून पीळ देत जायचं. पाणी यायचं थांबलं की आम्ही हात काढायचो, तर त्या फडकं सोडून, टोफू मोकळा करून पुन्हा बांधायला लावायच्या. दुसऱ्या खेपेला परत पाणी निघायचंच. शेवटी टोफू ओल्या रव्यासारखा मोकळा झाला पाहिजे. तळहातावर दाबून पाहायचा, ओल लागली तर तिसरी खेप. घरी करणाऱ्यांचं चुकतं ते इथे: टोफू नुसता निथळत ठेवतात, मग मांदू फुटले की दोष पारीला देतात.

साधारण 40 मांदूंसाठी 300 ग्रॅम पोर्कचा किंवा चिकनच्या मांडीचा खिमा, 250 ग्रॅम घट्ट टोफू, 200 ग्रॅम मुगाचे लांब मोड, 150 ग्रॅम जुनी आंबट किमची आणि 50 ग्रॅम सुक्या दांगम्यन घ्या. टोफू, मोड आणि किमचीचं वजन पिळण्याआधीचं आहे. त्यात लसूण, पातीचा कांदा, तिळाचं तेल, थोडा सोया सॉस, मिरपूड आणि बांधायला एक अंडं. उसळीसाठी आपण मूग भिजवतो तेव्हा येणारे आखूड मोड इथे चालत नाहीत. अंधारात पाणी देत वाढवलेले बोटभर लांब मोड हवेत. मिळाले नाहीत तर कोबी घ्या, बारीक चिरून मीठ लावा आणि पिळा. मांसाचं प्रमाण कमी आहे हे लक्षात आलं असेल. टोफू आणि भाज्यांनी सारण हलकं होतं, आणि हलकं सारणच सूपमध्ये चांगलं लागतं.

कोरियात गहू पूर्वी दुर्मीळ होता, याचाही इथे मोठा हात आहे. साधारण 1670 च्या सुमारास जांग ग्ये-ह्यांग या ग्योंगसांग प्रांतातल्या बाईंनी पाककृतींचं एक हस्तलिखित तयार केलं. त्यातल्या मांदूची पारी बकव्हीटची, म्हणजे आपल्याकडे उत्तरेत उपासाला खातात त्या कुट्टूच्या पिठाची आहे. सारणात शिजवलेला मुळा आणि तितर जातीच्या फेझंट पक्ष्याचं मांस, वर पाइन नट्स आणि मिरी. मिरचीचा पत्ता नाही. कोरियात मिरची 16व्या शतकाच्या अखेरीनंतर आली आणि तिला स्वयंपाकघरात बस्तान बसवायला बराच वेळ लागला. म्हणजे चिनी डम्पलिंगला कोरियन रूप मिळालं तेव्हा तिखटाचा प्रश्नच नव्हता. गव्हाच्या पारीला इतके पर्याय शोधले गेले की मासळीच्या पातळ कापांत सारण गुंडाळून ओमांदू करत, आणि प्योंगआन प्रांतात तर पारीच नको म्हणून सारणाचे गोळे नुसत्या पिठात घोळवून उकडत. या गोळ्यांना गुलिन-मांदू म्हणतात. नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. मुरड घालायची कटकट नाही आणि सारण बरोबर पिळलं गेलंय की नाही हे लगेच कळतं, ओलं असेल तर गोळा पाण्यात विरघळतो.

मांदूचा खरा मुलूख उत्तरेकडचा. चांद्र नववर्षाला दक्षिणेत तोकच्या, म्हणजे तांदळाच्या चिवट वड्यांच्या, चकत्यांचं सूप करतात, उत्तरेत मांदूचं, आणि सोलमध्ये दोन्ही एकाच वाडग्यात येतात. केसोंग शहराची मांदू टोफू आणि मुगाचे मोड भरपूर घातलेली असते. तिथलीच चौकोनी प्यनसू उन्हाळ्यात कोवळ्या भाजीच्या सारणाची करून थंड सूपमध्ये वाढतात. गरम वाफाळतं डम्पलिंग बर्फासारख्या सूपमध्ये टाकायचं धाडस चिनी आचारी सहसा करणार नाही. 1950-53 च्या युद्धात उत्तरेतून लोक दक्षिणेत पळून आले, त्यांच्याबरोबर ही मांदू सोलच्या गल्ल्यांत आली.

पारी घरी करायची तर 300 ग्रॅम मैदा, 150 मिली पाणी, अर्धा चमचा मीठ. घट्ट मळून निदान अर्धा तास झाकून ठेवा. थोडा बटाट्याचा स्टार्च घातला तर पारी अर्धपारदर्शक आणि चिवट होते, सूपमध्ये टिकते. चिनी ज्याओझी अर्धचंद्राच्या आकाराची ठेवतात. कोरियन मांदू अर्धचंद्र करून दोन्ही टोकं मागे वळवून एकमेकांना चिकटवतात, म्हणजे गोल टोपीसारखा आकार येतो. हा आकार चमच्यात नीट बसतो. केल्यावर मांदू कच्चेच सूपमध्ये टाकू नका. आधी सात-आठ मिनिटं वाफवा, गार करा आणि मग सूपमध्ये तीन-चार मिनिटं शिजवा. सूप नितळ राहण्यामागचं अर्धं रहस्य हे आहे.

उरलेलं अर्धं स्टॉकमध्ये. मांदूगुकला, म्हणजे मांदूच्या सूपला, बीफ ब्रिस्केटचं नितळ पाणी किंवा सुकी मासळी आणि दाशिमा या वाळवलेल्या समुद्रशेवाळाचं पाणी वापरतात. चिनी सूपमधलं चक्रीफूल, दालचिनी, आल्याचे जाड काप यांना इथे जागा नाही. चव येते लसणातून आणि गुक-गानजांगमधून, म्हणजे सूपसाठीच्या सोया सॉसमधून, जो रंगाने फिका आणि चवीला जास्त खारट असतो. आपल्याकडे तो मिळाला नाही तर साधा सोया सॉस एक चमचाच घाला आणि बाकी खारटपणा मिठाने आणा, नाहीतर सूप तपकिरी होतं. सुकी मासळी मिळत नसेल तर मूठभर सुके सोडे कोरड्या तव्यावर भाजून पंधरा मिनिटं उकळा. कोरियातही सुक्या कोळंबीचा असा स्टॉक करतात, त्यामुळे हा जुगाड अजिबात नाही. वर अंड्याची पातळ पोळी करून तिच्या पट्ट्या, भाजलेल्या गिमचा (समुद्रशेवाळाच्या कागदासारख्या पातळ पानाचा) चुरा आणि पातीचा कांदा.

बुसानला गेलात तर वानदांग खाऊन पाहा. चिनी वॉनटन जपानमार्गे तिथे पोचलं. पारी कागदापेक्षा किंचित जाड, सारण करंगळीच्या नखाएवढं, आणि सूप सुक्या मासळीचं. सारणाला जवळजवळ काही अर्थच उरत नाही. ओली झुळझुळीत पारी घशाखाली जाते ती मजा. मला हे थोडं फसवं वाटतं, पण बुसानकरांसमोर असं बोलू नका.

आता नूडल सूप. इथला इतिहास मांदूपेक्षा खूप अलीकडचा आणि थेट आहे. 1883 मध्ये इंचॉन बंदर परकीय व्यापाराला खुलं झालं आणि पिवळ्या समुद्राच्या पलीकडच्या शांडोंग प्रांतातून चिनी व्यापारी, हमाल, आचारी तिथे आले. आजही कोरियातल्या 'चिनी खानावळी'चा मेन्यू मुख्यतः त्या शांडोंगवाल्यांचाच आहे; आपल्याला चायनीज म्हणून माहीत असलेल्या हक्का किंवा मांचुरियनशी त्याचा संबंध नाही. काळ्या चुनजांगमधलं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टमधलं, जाजांगम्यन हे नूडल्स जगभर गाजलं, पण ते सूप नाही म्हणून इथे बाजूला ठेवतो. त्याच मेन्यूत खाली तीन सूप असायची: स्टार्चने दाटवलेलं, अंड्याचे धागे आणि समुद्री मेवा घातलेलं उलम्यन, कोंबडीचे बारीक तंतू घातलेलं गिसुम्यन, आणि पांढऱ्या रश्शाचं 'उदोंग', ज्याचा जपानी उदोनशी फक्त नावापुरता संबंध. ही तिन्ही शांडोंगच्या मुळाच्या अगदी जवळची. दुर्दैवाने आता बऱ्याच खानावळी ती ठेवत नाहीत. उलम्यन मला जाम्पोंगपेक्षा आवडतं, विशेषतः सर्दी झाली की. पण पुण्यात वर्षभर मेन्यूवर ठेवूनही ते कोणी मागवलं नाही, शेवटी काढून टाकलं.

जाम्पोंगला दोन आजोबा आहेत. एक शांडोंगचं, भाज्या आणि मांस परतून केलेलं नूडल सूप. दुसरा जपानमधल्या नागासाकीचा. चीनच्या फूच्येन प्रांतातून आलेल्या चेन पिंगशुन यांनी 1899 मध्ये तिथे शिकाइरो ही खानावळ काढली आणि चांपोन या नूडल सूपची ख्याती तिथून पसरली. जपानी अंमलात ते नाव कोरियात आलं आणि शांडोंगच्या सूपला चिकटलं. नागासाकीचं चांपोन आजही दुधाळ पांढरं असतं आणि नूडल्स त्याच कढईत सूपबरोबर शिजतात. कोरियन जाम्पोंगही आधी फिकंच होतं. लाल रंग युद्धानंतरच्या दशकांत चढला. तो काळ समजून घेण्यासारखा आहे. अमेरिकेच्या मदतीतून गहू स्वस्त झाला होता. तांदूळ वाचवण्यासाठी सरकारने पिठाचे पदार्थ खाण्याची मोहीम चालवली आणि ठरावीक दिवशी खानावळींना तांदळाचे पदार्थ विकायला मनाई केली. नूडल्सच्या दुकानांना बरकत आली. त्याच वेळी परदेशी लोकांच्या जमीनखरेदीवर निर्बंध असल्याने चिनी कुटुंबांतली बरीच मंडळी तैवान, अमेरिकेला निघून गेली आणि त्यांच्या हाताखाली काम केलेले कोरियन आचारी मालक झाले. ते गल्ल्यावर बसले तसं सूपही गिऱ्हाइकाच्या जिभेला जवळचं होत गेलं.

पण तिखट कसं घालायचं, यात खरी मेख आहे. चिनी पद्धतीने तयार सूपवर मिरचीचं तेल ओतलं तर तेल वर तरंगतं आणि चमच्यात नुसता जाळ येतो. कोरियन आचारी आधी कढई धूर येईपर्यंत तापवतो, दोन-तीन चमचे तेल, पातीच्या कांद्याचा पांढरा भाग, लसूण, थोडं आलं, मग पोर्कच्या पट्ट्या. चरबी सुटली की सोया सॉस कढईच्या कडेने ओततो, म्हणजे तो तापलेल्या लोखंडावर करपल्यासारखा होऊन वास सोडतो. मग कांदा, कोबी, झुकिनी, गाजर, काळी अळंबी. आणि मग गोचुगारू. गोचुगारू टाकताना आच मंद करायची किंवा गॅस बंदच करायचा. बिया काढलेली, जाडसर दळलेली ही मिरची तापलेल्या तेलात दहा सेकंदांत काळी पडते. लालचुटुक रंग तेलात उतरला आणि नाकात मिरचीचा गोडसर वास आला, ठसका नाही, की लगेच कोंबडी-पोर्कच्या हाडांचा गरम स्टॉक. ठसका आला म्हणजे मिरची जळली. ती कढई सरळ धुवायला टाका, साखर घालून ते कडवटपण जात नाही. स्टॉकबरोबर मोठ्या आचेवर पाच-सात मिनिटं उकळी आली की तेल आणि पाणी एकजीव होतात. माकूळ, कोळंबी, शिंपले शेवटी, नाहीतर रबर होतात.

दोन माणसांसाठी दोन मोठे चमचे गोचुगारू आणि लिटरभर स्टॉक पुरे. गोचुगारूऐवजी बिया काढून जाडसर वाटलेली ब्याडगी चालते, रंग जवळपास तोच येतो, गोडवा थोडा कमी. आपलं नेहमीचं लाल तिखट नको, बारीक पूड तळाला बसते आणि लवकर जळते.

नूडल्स वेगळ्या उकडून वाडग्यात घ्यायच्या आणि वरून सूप ओतायचं. इथे नागासाकीपासून फारकत होते. कारण व्यवहारी आहे: कोरियात हे सूप फोनवर मागवून घरी, ऑफिसात, अगदी शेताच्या बांधावरही पोचवलं जायचं. चॉलगाबांग या पत्र्याच्या पेटीत वाडगे रचून माणूस मोटारसायकलवर निघायचा आणि नंतर रिकामे वाडगे गोळा करायला परत यायचा. एवढ्या वेळात नूडल्स फुगून लगदा होऊ नये म्हणून कणकेत क्षार घालतात. सोडियम किंवा पोटॅशियम कार्बोनेटने ग्लुटेन घट्ट होतं, नूडल्स पिवळसर आणि चिवट होतात आणि सूप सावकाश शोषतात. घरी 300 ग्रॅम मैद्याला चिमूटभर पापडखार घातला तरी फरक जाणवतो. जास्त झाला तर साबणासारखी चव येते. उकडल्यावर नूडल्स गार पाण्यात चोळून धुवा, स्टार्च निघून जातो. वाढायच्या आधी पुन्हा गरम पाण्यातून काढा.

प्रांताप्रांतात फरक आहेच. गुनसानच्या वाडग्यात शिंपल्यांचा डोंगर असतो, गांगनुंगला मऊ टोफू घालतात, काही ठिकाणी ब्रिस्केटचे पातळ काप. तिखट नको असलेल्यांसाठी पांढरं जाम्पोंग पुन्हा मेन्यूवर आलंय, म्हणजे फिरून तिथेच.

मांदू आणि नूडल्स एका वाडग्यात हव्या असतील तर कालगुक्सू. सुरीने कापलेल्या या नूडल्स धुवत नाहीत, कच्च्याच सूपमध्ये टाकतात, म्हणून सूप दाटसर होतं. सोलमधलं 1966 पासूनचं म्योंगदोंग ग्योजा याच एका वाडग्यासाठी ओळखलं जातं: कोंबडीचं दाट सूप, नूडल्स, वर खिमा आणि पातळ पारीचे छोटे मांदू, आणि शेजारी लसणाचा भडिमार केलेली ताजी किमची. त्या किमचीशिवाय ते सूप थोडं मिळमिळीत लागेल, आणि ते तसं मुद्दामच आहे. चिनी आचारी आंबटपणा वाडग्यातच घालतो, कोरियन आचारी तो किमचीवर सोडतो. चिनी खानावळीत किमचीच्या जोडीला लोणच्यासारखा मुरवलेला पिवळा मुळा, कच्चा कांदा आणि चुनजांग मिळतं. कांद्यावर व्हिनेगर गिऱ्हाइकानेच शिंपडायचं. आणि जाम्पोंगमध्ये नूडल्सऐवजी भात हवा असेल तर तोही मेन्यूवर असतोच.

शाकाहारीबद्दल: करता येतं, आणि त्यासाठी काही नवं शोधायला नको. कोरियातल्या बौद्ध मठांत मांस तर नाहीच, पण कांदा-लसणासारख्या उग्र वासाच्या पाच गोष्टीही वर्ज्य असतात. त्यांची मांदू टोफू, शीताके अळंबी, मोड आणि भाज्यांची असते. नेहमीच्या किमचीत मासळीचा सॉस असतो, त्यामुळे मठाची किमची त्याशिवाय करतात. बाजारातली आणताना पाकिटावर वाचून घ्या. स्टॉकसाठी सात-आठ सुक्या शीताके आणि तळहाताएवढा दाशिमाचा तुकडा लिटरभर गार पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी मंद आचेवर ठेवा आणि उकळी फुटायच्या आत दाशिमा काढून घ्या, नाहीतर पाणी बुळबुळीत होतं. भिजलेल्या शीताके पिळून, चिरून, तिळाच्या तेलात परतून सारणात घाला, खिम्याचा चिवटपणा येतो. शाकाहारी जाम्पोंग करायचं तर पोर्कची चरबी नाही म्हणून तेल दीडपट घ्या आणि शीताकेचे देठ त्यात आधी कुरकुरीत होईपर्यंत तळा. मग तेच तेल गोचुगारूसाठी वापरा.